मांडवीवर चाळीस जणांची संगीत-नौकाविहाराची संध्याकाळ कशी आखावी

गोव्यात पाणी, गाणे आणि पेला या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याची रीत पर्यटनाच्या फार आधीची आहे. दरवर्षी २४ जूनला सांजांवच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या दिवशी शिवोलीत सजवलेल्या होड्या वाजतगाजत येतात, आणि २९ जूनला मच्छीमारांच्या वस्त्यांत सांगोड निघतो, म्हणजे दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच उभारला जातो आणि तो गाण्या-नाटुकल्यांसह पाण्यावर फिरतो. मराठीत आपण ‘सांगड घालणे’ म्हणतो ते मुळात असेच पाण्यावरचे काम आहे. हे उत्सव गावाचे असल्यामुळे ते काठावरून पाहावेत आणि गावकऱ्यांनी बोलावले तरच होडीत बसावे. आपल्या गटाला स्वतःची अशी एक संध्याकाळ हवी असेल, मग निमित्त साठीचे असो, जुन्या वर्गमित्रांच्या भेटीचे असो किंवा साखरपुड्याचे, तर पणजीत मांडवी नदीवर बोट ठरवणे हा उत्तम मार्ग आहे. त्याची आखणी कशी करावी हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण तीन वेळा अशी संध्याकाळ आखल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की तिचा कणा संगीत आहे आणि मद्य केवळ साथीला आहे. हा क्रम उलटा झाला की नदीही दिसत नाही आणि गाणेही ऐकू येत नाही.

पहिला निर्णय तिकिटाच्या बोटीचा की अख्ख्या बोटीचा, हा आहे. मांडवी पुलांजवळच्या सांता मोनिका जेट्टीवरून संध्याकाळी सुमारे तासाभराच्या फेऱ्या सुटतात. त्यांवर निवेदक असतो, कोकणी आणि हिंदी गाणी होतात, देखणी, फुगडी आणि कोरिदिन्यो हे नाच दाखवले जातात आणि पेयांचे काउंटरही असते. आठ-दहा जणांचा गट असेल तर ही फेरी पुरेशी आहे आणि तीत वेगळी तयारी करावी लागत नाही. पंचवीसच्या पुढे माणसे असतील, त्यांत आजी-आजोबा आणि लहान मुले असतील, आणि आपल्याला हवे तेच संगीत ऐकायचे असेल, तर मात्र दोन ते अडीच तासांसाठी पूर्ण बोट भाड्याने घ्यावी. याच नदीत कॅसिनोच्या बोटीही नांगरलेल्या असतात आणि तेथे २१ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश मिळत नाही. तेव्हा फोनवर बोलताना आपल्याला कोणत्या प्रकारची बोट हवी आहे ते आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे मुलांना घेऊन धक्क्यावर गेल्यावर पंचाईत होत नाही.

बोट ठरवण्यापूर्वी दिवसा जाऊन ती डोळ्यांनी पाहावी. बंदर कप्तान खात्याची नोंदणी आणि त्यावर नमूद केलेली प्रवासीसंख्या दाखवायला सांगावी, आणि ती संख्या वाचताना आपली मोजणी नीट करावी. चाळीस पाहुणे म्हणजे चाळीस माणसे नव्हेत. त्यांत पाच वादक, चार वाढपी आणि कडेवरची बाळेसुद्धा धरावी लागतात. माझा नियम असा की आपली खरी संख्या पन्नास होत असेल तर किमान पासष्ट जणांची बोट घ्यावी, कारण नाचायला, वाद्ये मांडायला आणि वृद्धांना शांत बसायला जागा लागतेच. लाइफ जॅकेट किती आहेत एवढेच विचारून थांबू नये; ती कुठे ठेवली आहेत, कुलपात आहेत का आणि मुलांच्या मापाची वेगळी आहेत का, हे स्वतः पाहावे. दुमजली बोटीच्या वरच्या डेकवर किती माणसांना एका वेळी परवानगी आहे ते तांडेलाकडून, म्हणजे बोट हाकणाऱ्या प्रमुखाकडून, ठरवून घ्यावे आणि निघताना सर्वांना मोठ्याने सांगावे. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील थेक्कडीच्या जलाशयात दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा काठावरचे प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला गोळा झाले होते. मांडवीत प्राण्यांच्या जागी सूर्यास्त असतो आणि चाळीस मोबाइल एकाच वेळी एकाच कठड्याकडे धावतात. यावर साधा उपाय असा आहे की सूर्यास्ताच्या वेळी तांडेलाने बोटीचे तोंड सरळ पश्चिमेकडे ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते आणि कोणालाही जागा सोडून धावावे लागत नाही.

आता वेळेचा विचार करू. पणजीत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या अखेरीस सातच्या सुमारास. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी बोट धक्क्यावरून सुटली पाहिजे, आणि त्यासाठी पाहुण्यांना आणखी पाऊण तास आधीची वेळ द्यावी. तारीख आपल्या हातात असेल तर भरतीही पाहावी. कोकणात जुनी माणसे तिथीला पाऊणपटीने गुणून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सहाच्या सुमारास पूर्ण होते. म्हणून कोणत्याही पक्षातली अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ नौकाविहाराला फार चांगली; नदी तुडुंब असते आणि त्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरकही कमी असतो. उलट तृतीया-चतुर्थीला संध्याकाळी ओहोटी जोरात चालू असते, आणि नदीचे बाहेर धावणारे पाणी मुखाजवळ समुद्राच्या लाटांना भिडले की बोट अंग हलवू लागते. पौर्णिमेला सूर्य बुडताना पूर्वेला चंद्र वर येतो, तो देखावा पाहण्यासाठी मी ओहोटीचे पाणी पत्करतो, परंतु त्या दिवशी मुखापर्यंत जाण्याचा आग्रह धरत नाही. नेमक्या वेळा तांडेलाला विचारूनच पक्क्या कराव्यात. पावसाळ्यात वारा आणि पाणी दोन्ही बेभरवशाचे असल्यामुळे मोठ्या गटाची आखणी नोव्हेंबर ते मार्च या काळातच करावी.

पश्चिमेकडे जाताना डाव्या हाताला पणजीचा काठ लागतो: आदिलशहाचा राजवाडा, पुढे कांपालला चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमी, आणि शेवटी मिरामारची वाळू. उजव्या हाताला बेतीं, वेरें आणि रेइश मागुशचा किल्ला. त्याच्याही पुढे १६१२ सालचा आग्वाद. परतताना अंधारात मांडवीवरच्याच अटल सेतूच्या तारांवरचे दिवे दिसतात. एवढे सर्व पाहायला मिळत असताना कोणीतरी दोन-दोन वाक्यांत ओळख करून द्यावी, मात्र ती गाण्यांच्या मधल्या जागेत द्यावी, गाण्यावर बोलून नव्हे.

संगीताची आखणी ही या संपूर्ण संध्याकाळीची सर्वांत रमणीय आणि सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. चार-पाच वादक पुरतात: गिटार, कीबोर्ड किंवा व्हायोलिन, एक तालवाद्य आणि एक-दोन गायक. मोठा डीजे संच टाळावा. पाण्यावर आवाज दूरवर जातो, काठावर माणसे राहतात, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्याने बंदी आहे. स्थानिक वादक घेतले तर गाण्यांचा क्रम त्यांच्याच परंपरेतून मिळतो. गोव्याच्या घरगुती बैठकीत संथ मांडोने सुरुवात होते आणि हळूहळू द्रुत लयीचे दुलपद येते. तोच चढता क्रम नदीवर तंतोतंत जुळतो, कारण सूर्य बुडेपर्यंत माणसे शांत असतात आणि परतीच्या अंधारात त्यांना नाचावेसे वाटते. देखणी हे नाचाबरोबरचे गाणेही आहे, तेही अवश्य म्हणायला सांगावे. या प्रकारातल्या सर्वांत परिचित गीतात एक कलावंतीण होडीवाल्याला पैलतीरी नेण्यासाठी विनवते आणि त्यासाठी अंगावरचे दागिने देऊ करते, आणि ते गाणे मांडवीच्या मध्यावर ऐकताना काठ खरोखरच दूर वाटतो. मराठी गटाला आपली भावगीते, कोळीगीते आणि जुनी चित्रपटगीते हवी असतील तर तशी वीस गाण्यांची यादी, स्वरपट्टीसह, आठ दिवस आधी वादकांना पाठवावी. ऐनवेळच्या फर्माइशींनी चांगले वादकही गोंधळतात.

वादकांना कुठे बसवावे हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावर निम्मी मैफल अवलंबून असते. संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून नदीत येतात, म्हणजे जाताना वारा समोरून असतो. वादक मागच्या टोकाला पुढे तोंड करून बसले तर वारा थेट मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि स्पीकरमधून नुसता फडफडाट येतो. पहिल्या खेपेला आमचे असेच झाले आणि पहिली चार गाणी वाया गेली. तेव्हापासून मी वादकांना सुकाणूच्या केबिनच्या लगेच मागे, केबिनकडे पाठ करून बसवतो. केबिन वारा अडवते, तांडेलाच्या नजरेआड काही येत नाही आणि आवाज वाऱ्याबरोबर श्रोत्यांकडे वाहतो. घुमट, म्हणजे मडक्यावर कातडे ताणलेले गोव्याचे तालवाद्य, असेल तर त्याचे कातडे नदीच्या दमट हवेत सैल पडते आणि नाद बसतो. बोटीवर विस्तव पेटवून ते शेकता येत नाही, म्हणून वादक दुपारभर घुमट उन्हात ठेवतात आणि सुती कापडात गुंडाळून आणतात. पहिली थाप पडते तेव्हा मडक्यातून उठणारा तो भरीव ‘घुम्म’ ऐकला की या काळजीचे चीज होते. विजेच्या तारा जिन्यावरून आडव्या न नेता कठड्याला बांधून न्याव्यात, आणि बोटीचा जनरेटर किती भार सोसतो हे वादकांनी आदल्या दिवशी येऊन तपासावे.

आता मद्याविषयी. बोटीवर मद्यविक्रीचा परवाना आहे का, आणि नसल्यास आपल्या कार्यक्रमापुरती अबकारी खात्याची परवानगी कोण काढणार, हे लेखी ठरवून घ्यावे. गोव्यात मद्यपानाचे कायदेशीर वय २१ आहे; महाराष्ट्रात कडक मद्यासाठी ते २५ असल्यामुळे गटात याविषयी घोळ होतो, म्हणून काउंटरवरच्या माणसाला वयाची मर्यादा आधीच सांगून ठेवावी. दोन तासांच्या फेरीसाठी पिणाऱ्या प्रत्येकामागे दोन, फार तर तीन पेले धरावेत, त्याहून अधिक माल बोटीवर चढवूच नये. पाणी मात्र माणशी एक लिटर आणि बर्फ माणशी अर्धा किलो घ्यावा. गोव्यात येऊन फेणी चाखायची असेल तर चांगलीच आणावी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तिचा दर्प आणि जोर दोन्ही नवख्याला झेपत नाहीत, म्हणून ती लहान पेल्यात आणि एकदाच द्यावी. मार्चपासून उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू, मिळते; लिंबू, मीठ, सोडा आणि उभी चिरलेली मिरची घातल्यावर ती सरबतासारखी लागते आणि म्हणूनच फसवते. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी कोकम सरबत, शहाळे आणि आल्याचा सोडा त्याच काउंटरवर, तशाच पेल्यांत असावा. कोपऱ्यात ठेवलेल्या कोमट कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी घरातल्या अर्ध्या माणसांना परके वाटते. काचेचे पेले डेकवर आणू नयेत, स्टीलचे वापरावेत. खाणे पहिल्या पेल्याबरोबरच फिरवावे, शेवटी नव्हे: रव्यात तळलेली सुरमईची लहान तुकडी, चोरीस (गोव्याचे मसालेदार डुकराच्या मांसाचे सॉसेज) घातलेला पाव, भाजलेले काजू, शाकाहाऱ्यांसाठी कच्च्या केळ्याची कापे आणि बटाटवडे, असे हातात धरून खाता येणारे पदार्थ निवडावेत.

बोट लागण्याची गोळी घेतलेल्या माणसाने मद्य घेऊ नये, कारण त्या गोळ्यांनी आधीच गुंगी येते आणि मद्याने ती वाढते. हे निमंत्रणातच लिहावे. त्याहून महत्त्वाची सूचना अशी की बोटीवर चढण्यापूर्वी कोणी पिऊन येऊ नये. दुसऱ्या खेपेला आमचे काही पाहुणे दुपारपासून एका हॉटेलात बसून आले, आणि चढताना माझ्या मेहुण्यांचा पाय फळीऐवजी बोट व धक्का यांच्या मधल्या फटीत गेला. खलाशाने त्यांना दंडाला धरून वर ओढले, पायाचे सालपट निघाले आणि त्यावरच निभावले. बोट तेव्हा आत-बाहेर हलत होती, आणि ती फट एका क्षणी वीतभर आणि दुसऱ्या क्षणी हातभर होते हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर मी चढण्या-उतरण्याच्या जागी दोन न पिणारी, हातपाय भक्कम असलेली माणसे उभी करतो आणि त्यांची नावे यादीत सर्वांत वर लिहितो.

परतताना धक्का दिसू लागला की काउंटर बंद करावा, शेवटचे गाणे संपवावे आणि सर्वांना बसवावे. बोट बांधली जात असताना कोणी नाचत असू नये. चढताना मोजलेली डोकी उतरताना पुन्हा मोजावीत. पिऊन गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, म्हणून मुक्कामापर्यंतच्या गाड्या चालकांसह आधीच ठरवून धक्क्याबाहेर उभ्या ठेवाव्यात. कचऱ्याच्या दोन मोठ्या पिशव्या डेकवर बांधलेल्या असाव्यात आणि त्या आपणच खाली न्याव्यात. एकही बाटली किंवा पिशवी मांडवीत जाता कामा नये. आणि वादकांची ताटे खाणे फिरू लागण्यापूर्वीच झाकून वेगळी ठेवावीत, कारण सगळे खात असतात तेव्हा ते वाजवत असतात, आणि त्यांची पाळी येईपर्यंत सुरमई नेहमीच संपलेली असते.