टॉवर साइटचा डीसी बॅकअप: या चुका टाळा

"बॅटरी नवीन आहे, पूर्ण भरलेली होती, तरी लाइट गेल्यावर वीस मिनिटांत टॉवर बंद." वायरलेस इंटरनेट चालवणाऱ्यांकडून ही तक्रार आली की त्यापाठोपाठ निदानही तयार असतं: बॅटरी खराब निघाली. प्रत्यक्ष साइटवर जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा कळतं, बॅटरी आली तेव्हा धडधाकट होती, तिला जोडणीनं मारलं. लहान साइटचा लोड असतो तरी किती? दोन सेक्टर (ग्राहकांना सिग्नल देणारे रेडिओ), एक बॅकहॉल (मुख्य नेटवर्कशी जोडणारा रेडिओ), एक राउटर, मिळून ३० ते ५० वॅट. एवढ्यासाठी महागडी टेलिकॉम पॉवर प्लांट लागत नाही. स्वस्तात उत्तम काम होतं, फक्त पुढच्या चुका करू नका.

घरगुती यूपीएस आणून ठेवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. टॉवरवरचं प्रत्येक यंत्र डीसीवर चालतं. बॅटरीही डीसी. मग मध्ये एसी आणायचं कारण काय? तर कॉम्प्युटरसाठी केलेला यूपीएस दुकानात सहज मिळतो आणि ॲडॅप्टर त्यात थेट बसतात, एवढंच.

हिशेब मांडू. यंत्रांना ४० वॅट लागतात. ॲडॅप्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर एसीवरून ४७ वॅट ओढले जातात. लहान इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच सहज १०-१२ वॅट खातो. म्हणजे बॅटरीतून जातात ५९. तीच यंत्रं थेट डीसीवर, चांगल्या कन्व्हर्टरमधून चालवली तर ४३ वॅटच्या आसपास भागतं. ज्या बॅटरीवर यूपीएस आठ तास चालतो, तीच बॅटरी डीसीवर जवळपास अकरा तास जाते. तीन तास फुकट मिळतात. लोक हे तीन तास मिळवायला आणखी एक बॅटरी विकत घेतात.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. बरेच स्वस्त यूपीएस बॅटरी पूर्ण संपून बंद पडले की लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. टेकडीवरच्या साइटला ते बटण कोण दाबणार?

माझी पद्धत साधी. २७.६ व्होल्ट देणारा, करंट मर्यादित करू शकणारा चार्जर-पॉवर सप्लाय. त्यालाच समांतर २४ व्होल्टची बॅटरी बँक, म्हणजे एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज. मग लो-व्होल्टेज डिस्कनेक्ट, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की लोड आपोआप तोडणारा स्विच. मग प्रत्येक यंत्राला वेगळा फ्यूज. लाइट असताना सप्लाय लोडही चालवतो आणि बॅटरीही भरतो. लाइट गेली की बॅटरी आधीच तारेवर हजर असते, त्यामुळे राउटर रीबूट होत नाही. नेहमीचा एसएमपीएस (साधा, चार्जर नसलेला पॉवर सप्लाय) व्होल्टेज वाढवून वापरू नका. त्यातले बरेच ओव्हरलोड झाले की बंद-चालू, बंद-चालू करत बसतात, आणि रिकामी बॅटरी समोर आली की ओव्हरलोड होणारच.

२४ व्होल्टच्या बँकेतून मधूनच १२ व्होल्ट काढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती दिसत नाही.

एका उंचावरच्या साइटवर दोन एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या सिरीजमध्ये होत्या, रेडिओ सगळे २४ व्होल्टचे. सुरुवातीला बॅकअप उत्तम. काही महिन्यांनी लाइट गेली की दहा मिनिटांत साइट खाली. त्यांनी खालची (निगेटिव्ह टोकाकडची) बॅटरी तपासली, ती बसलेली निघाली, म्हणून तेवढीच बदलली. थोड्या दिवसांत तेच. मग चार्जर बदलला. पुन्हा तेच. बॅटरी कंपनीला दोष देऊन झाला. मला बोलावलं तेव्हा सगळे बँकेच्या दोन टोकांवर मीटर लावून दाखवत होते: २७.४ व्होल्ट, अगदी बरोबर.

मी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली. वरची १४.५, खालची १२.९. बेरीज बिनचूक, आणि दोन्ही बॅटऱ्या मरणाच्या वाटेवर. वरचीला हात लावला तर गरम, तिच्या बाजू फुगलेल्या. कॅबिनेटच्या मागून केबल डक्टमध्ये एक बारीक लाल वायर गेली होती. तिचा माग काढला तर ती एका १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला पोचली. कुणीतरी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या दुव्यावरून १२ व्होल्ट घेतले होते.

काय होतं ते नीट समजून घ्या. कॅमेरा अर्धा अँपिअर खातो, तोही खालच्या बॅटरीवरून, दिवसरात्र. दिवसाला १२ अँपिअर-तास. ते भरून यायचे तर तेवढाच करंट आधी वरच्या बॅटरीतून जावा लागतो, कारण दोघी सिरीजमध्ये आहेत. वरची भरलेली असते, तिला फ्लोटवर (भरल्यानंतर नुसतं टिकवून ठेवताना) शंभर मिलिअँपिअरचीही गरज नसते. उरलेला सगळा करंट तिच्यातलं पाणी वायू करून उडवतो. इकडे खालची कधीच पूर्ण भरत नाही आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट धरत जातं. चार्जरला फक्त बेरीज दिसते, म्हणून त्याच्या मते सगळं ठीक.

उपाय म्हणजे पूर्ण २४ व्होल्टवरून चालणारा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर. बॅटरीच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ आहे. आणि बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही, एकाच बॅचच्या. जुनी-नवी जोडी लावली की नवीही लवकरच जुनीसारखी वागते. त्या साइटवर एवढंच केलं आणि तक्रार थांबली. "मी फक्त अर्धाच अँपिअर घेतोय" हे ज्याला म्हणावंसं वाटतं, त्यानं आधी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

डिस्कनेक्ट न लावणं, किंवा लावून चुकीचा सेट करणं

रेडिओला बॅटरीची काळजी नसते. व्होल्टेज उतरलं की तो तेवढेच वॅट मिळवायला जास्त करंट ओढतो आणि लेड-ॲसिड बॅटरी पार तळाला नेतो. असं काही वेळा झालं की क्षमता परत येत नाही.

डिस्कनेक्ट असूनही घोळ होतो तो तोडण्या-जोडण्यातल्या अंतराचा. लोड तुटला की बॅटरीचं व्होल्टेज लगेच वर उसळी घेतं. २३ ला तोडून २४ ला जोडणारं सेटिंग असेल तर साइट रात्रभर उघडझाप करत राहते, आणि राउटरची फ्लॅश मेमरी त्यात खराब होऊ शकते. मी २३.४ ला तोडतो आणि २६ ला जोडतो. पूर्ण भरलेली विश्रांतीतली बँकही साधारण २५.५ दाखवते, म्हणजे चार्जर खरोखर सुरू झाल्याशिवाय २६ दिसणारच नाहीत. जमलं तर दोन डिस्कनेक्ट लावा: सेक्टर आधी सोडा, बॅकहॉल आणि राउटर शेवटपर्यंत ठेवा. साइट नेटवर्कवर दिसत राहिली तर काय चाललंय ते घरबसल्या कळतं.

मोठी बॅटरी, चिमुकला चार्जर

१०० अँपिअर-तासांची बँक, ५ अँपिअरचा सप्लाय, त्यातले २ अँपिअर लोडच खातो. उरले ३. अर्धी रिकामी झालेली बँक भरायला सतरा तास, शेवटचा हळू भरणारा टप्पा वेगळाच. तोवर पुन्हा लाइट गेली की बँक अर्धवटच राहते. बॅटरी वाढवण्याआधी चार्जर पाहा: लोडचा करंट अधिक बँकेच्या क्षमतेच्या किमान दहा टक्के.

अर्थिंगमधला उलटा मामला

टेलिकॉमच्या जुन्या पद्धतीत उणे ४८ व्होल्ट असतात, म्हणजे पॉझिटिव्ह टोक जमिनीला जोडलेलं. बऱ्याच स्वस्त रेडिओंची बॉडी मात्र निगेटिव्हला जोडलेली असते. असा रेडिओ, शील्डेड केबल आणि टॉवर तिन्ही एकत्र आले की टॉवरच्या लोखंडातून सरळ शॉर्ट. जुना रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा सप्लाय) स्वस्तात मिळाला म्हणून उचलून आणताना त्याचं कोणतं टोक अर्थला आहे ते मीटरनं पाहा, वायरच्या रंगावर जाऊ नका. रेडिओ आणि रेक्टिफायर यांचं अर्थ वेगळं ठेवायचंच असेल तर आयसोलेटेड (आत-बाहेर थेट विद्युत जोड नसलेला) कन्व्हर्टर लावा.

बाकीच्या, थोडक्यात

"२४ व्होल्ट" लिहिलेला रेडिओ २८.८ सोसेलच असं नाही. बूस्ट चार्जिंगला बँक तिथवर जाते, त्यामुळे आधी त्याची कमाल मर्यादा वाचा. चार्जरमधलं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) कायमचं बंद ठेवा.

एसीसाठीचा एमसीबी डीसीवर लावू नका. एसी करंट सेकंदाला कित्येकदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती तशीच जळत राहते.

वर जाणारी नेटवर्क केबल शुद्ध तांब्याची हवी. २४ गेजच्या केबलमध्ये दोन जोड्यांवरून वीज नेली तर १०० मीटरला जाऊन-येऊन सुमारे साडेआठ ओहम रोध येतो. एक अँपिअर नेलात की साडेआठ व्होल्ट वाटेतच गेले. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलला रोध याच्या दीडपटीहून जास्त.

गाडीची स्टार्टर बॅटरी बॅकअपला लावू नका. तिच्या पातळ प्लेटा खोल डिस्चार्जसाठी बनवलेल्याच नसतात.

हवाबंद डब्यात लेड-ॲसिड बॅटरी कोंडू नका. हवेत चार टक्के हायड्रोजन साठला की ठिणगीनं पेट घेऊ शकतो. आणि उष्णता: दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून कॅबिनेट सावलीत ठेवणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेट चांगलंच आहे, पण जुन्या चार्जरवर नुसती बॅटरी बदलून चालत नाही. तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी सोय बंद करा, शून्य अंशाखाली चार्ज करू नका. व्होल्टेजवरून किती शिल्लक आहे ते ओळखायला जाऊ नका. ते जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षण सर्किट) एका झटक्यात तोडतो. त्यानंतर काही चार्जरना बॅटरीच दिसत नाही, म्हणून तुमचा चार्जर अशा वेळी सुरू होतो का ते टेबलावरच तपासून मग वर न्या.

चाचणी न करणं

नवी साइट उभी राहिली की लोकांना लिंक जोडून निघायची घाई असते. मी निघण्याआधी मेन ब्रेकर पाडतो आणि पूर्ण लोडवर किमान तासभर थांबतो. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजतो, क्लॅम्प मीटरनं करंट बघतो, प्रत्येक लगला (वायरच्या टोकाच्या जोडकडीला) हात लावून कुठे गरम लागतंय का पाहतो. हे आकडे आणि बॅटरी बसवल्याची तारीख मार्करनं बॅटरीवरच लिहितो. पुढच्या वेळी जो कुणी कॅबिनेट उघडेल, त्याला तुलना करायला काहीतरी मिळतं.