डेमोत आधी आपला शब्द टाका

१४ जानेवारी, दुपारची वेळ. क्लायंटचा फोन. कोल्हापूरकडची गूळ आणि गूळ पावडर विकणारी कंपनी, मालक एरवी मोजकं बोलणारे. त्या दिवशी मात्र आवाजात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "मॅडम, सकाळपासून चार हजार मेन्शन! बघताय ना?"

बघत होते, आणि घामही पुसत होते. मेन्शन म्हणजे ब्रँडचं नाव कुणीतरी ऑनलाइन घेणं; ते शोधून मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही घेतलं होतं. ब्रँडचं खरं नाव सांगत नाही, ‘गोडवा’ धरून चालू. संक्रांतीला अख्खा महाराष्ट्र एकमेकांना ‘नात्यातला गोडवा’, ‘जिभेवरचा गोडवा’ पाठवत होता आणि आमचं वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतलेलं सॉफ्टवेअर त्यातला एकेक गोडवा इमानेइतबारे आमच्या खात्यावर जमा करत होतं.

मालकांना खरं सांगताना जी तारांबळ उडाली ती उडाली. पण फटका पुढेच होता. आमच्या प्लॅनला महिन्याला दहा हजार मेन्शनची मर्यादा होती, ती १६ तारखेलाच संपली, पुढचं काही दिसेना. २१ तारखेला एका गिऱ्हाइकाने पाकिटात खडे निघाल्याचा व्हिडिओ टाकला. आम्हाला तो कळला तीन दिवसांनी, तोही मालकांच्या पुतण्याकडून. यात सॉफ्टवेअरचा काही गुन्हा नव्हता. कीवर्ड, म्हणजे त्याने शोधायचा शब्द, मी लिहिला होता.

या क्षेत्रात नव्याने आलेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, "ताई, कुठलं टूल चांगलं?" नुसतं नाव सांगून मोकळं व्हायचं मी त्या संक्रांतीपासून बंद केलं.

मी २०११ मध्ये पुण्यातल्या एका छोट्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत लागले तेव्हा मॉनिटरिंग, म्हणजे क्लायंटबद्दल कुठे काय येतंय यावर नजर ठेवायचं काम, कात्री आणि फेविकॉलने चालायचं. सकाळी साडेसहाला पेपरांचा गठ्ठा पुढ्यात. सकाळ, लोकमत, लोकसत्ता, पुढारी, शिवाय इंग्रजी. क्लायंटचं नाव दिसलं की कापायचं, कागदावर डकवायचं, वर पेपर, आवृत्ती, पान आणि तारीख लिहायची, आणि नऊच्या आत स्कॅन करून पाठवायचं. महिनाअखेरीला पट्टी घेऊन कॉलम सेंटिमीटर मोजायचे, त्याला जाहिरातीच्या दराने गुणायचं, आणि बातमी जाहिरातीपेक्षा भारी म्हणून वर आणखी तिप्पट करायचं. या आकड्याला ‘पीआर व्हॅल्यू’ म्हणत. संवादाचं मूल्य असं जाहिरातीच्या दरात मोजता येत नाही, हे या व्यवसायातल्या लोकांनी २०१० सालीच बार्सिलोनात जमून तत्त्व म्हणून मांडलं होतं. आमच्या ऑफिसपर्यंत ते पोचलं नव्हतं. अजूनही कित्येक डॅशबोर्डांवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकडे दाखवणाऱ्या पडद्यांवर, तो आकडा मोठ्या अक्षरात झळकतो. मुलाखतीत कुणी याबद्दल विचारलं तर एवढं माहीत असू द्या.

त्या कात्रीने मला एक गोष्ट मात्र शिकवली. बातमी शोधायची तर ती कुठल्या शब्दांत लिहिलेली असेल हे आधी डोक्यात असावं लागतं. सॉफ्टवेअरला हे आपण सांगायचं असतं. आणि मराठीत ते सांगणं सोपं नाही.

‘गोडवा’चंच घ्या. आपला माणूस "गोडवा घेतला" असं क्वचित लिहितो. तो लिहितो "गोडव्याचं पाकीट", "गोडव्याला काय झालंय", "गोडव्यात खडे". शब्दाला प्रत्यय लागायच्या आधीच त्याचं सामान्यरूप होतं आणि ‘वा’चा ‘व्या’ होतो. नेमका ‘गोडवा’ शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं एकही वाक्य सापडत नाही. म्हणजे संक्रांतीच्या शुभेच्छा भरभरून आल्या आणि तक्रारी निसटल्या, असा उलटा न्याय. ‘गूळ’ शब्दाचंही तेच. एकटा असताना दीर्घ, ‘गुळाचा’ झाला की ऱ्हस्व, आणि निम्मी जनता लिहिते ‘गुळ’. शब्दाच्या शेवटी तारांकन टाकलं की पुढची सगळी रूपं येतात, असं विक्रेते सांगतात. आमच्याकडच्या सॉफ्टवेअरात ते इंग्रजीला चालत होतं, देवनागरीला नाही. शेवटी गोडव्याचा, गोडव्याची, गोडव्याचं, गोडव्याला, गोडव्यात, गोडव्याने अशी चौदा रूपं हाताने लिहिली. मग ‘गोडवा’च्या पाच शब्दांच्या आत गूळ, पावडर, पाकीट, किलो यांतलं काहीतरी आलंच पाहिजे, अशी अट घातली. ‘तिळगूळ घ्या’ असलेलं सगळं वगळलं. पुढच्या संक्रांतीला दिवसभरात ६३ मेन्शन आली. मालक हिरमुसले, मी मात्र त्या रात्री शांत झोपले.

दुसरा सापळा डोळ्यांना दिसतच नाही. एका सहकारी बँकेचं काम करताना निम्म्या बातम्या गायब होत्या. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की ‘बँक’ शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी थेट चंद्रबिंदू देतं, कुणी आधी अर्धचंद्र आणि मग अनुस्वार. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲप’मधला ‘ॲ’ तर तीन तऱ्हांनी निघतो. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी. चांगलं सॉफ्टवेअर ही रूपं आतल्या आत एक करून घेतं. तुमचं करतं की नाही हे माहितीपत्रकात शोधून सापडणार नाही, शब्द टाकूनच बघावं लागतं. शिवाय रोमन लिपीत मराठी लिहिणारे आहेतच. एकाच शब्दाची त्यांची पाच स्पेलिंगं धरून चाला.

मग येतं सेंटिमेंट, म्हणजे लोक बरं बोलतायत की वाईट ते यंत्राने ठरवणं. कोल्हापूरच्या एका मुलाने आमच्या पोस्टखाली लिहिलं, "नादच खुळा! जाळ आणि धूर संगटच." यंत्राने ते लाल रंगात टाकलं, अतिनकारात्मक. खुळा, जाळ, धूर. बिचाऱ्या यंत्राचं काय चुकलं? आणि "वा, काय सेवा आहे, आठ दिवस झाले पार्सल अजून फिरतंय" हे हिरव्यात. ‘मराठीसह शंभर भाषा’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच धरा की मराठी मजकूर गोळा होतो. समजतो की नाही हा पुढचा प्रश्न.

म्हणून मी एक शीट ठेवली आहे. त्यात चाळीस वाक्यं, सगळी खऱ्या कमेंटवरून घेतलेली, माणसांची नावं काढून. कौतुक, तक्रार, टोमणे, कोल्हापुरी, वऱ्हाडी, रोमन मराठी, मराठी-हिंदी खिचडी. प्रत्येकापुढे माणसाचं उत्तर. डेमो द्यायला आलेल्या मंडळींची स्वतःची उदाहरणं असतात, बहुतेक एखादा मोठा मोबाइल ब्रँड, इंग्रजीत, आलेख कसे देखणे. ते नम्रपणे थांबवायचं आणि म्हणायचं, आमचा शब्द टाका. त्यातही मागच्या तीस दिवसांत ज्या बातम्या तुम्ही स्वतः वाचल्या आहेत त्या त्यांना सापडतात का, ते मोजायचं. जिल्हा पानावरच्या किती सापडल्या हे तर आवर्जून. छापील पानावरची बातमी वेबसाइटवर येतेच असं नाही आणि ई-पेपर म्हणजे बऱ्याचदा नुसतं चित्र. त्यासाठी पानं स्कॅन करून देणारी वेगळी सेवा लागते. ती सॉफ्टवेअरच्या किमतीत धरली आहे की नाही, हे लेखी घ्या.

पोस्ट लावायचं, म्हणजे आपली पोस्ट ठरल्या वेळी आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर हा वेगळा प्रकार. नवखे लोक दोन्हींची गल्लत करतात आणि विक्रेतेही ती होऊ देतात. एक ऐकतं, दुसरं बोलतं. बोलण्यासाठी सुरुवातीला पैसे घालवू नका. फेसबुक-इन्स्टाला मेटा बिझनेस सूट फुकट आहे. बफर नावाच्या टूलच्या मोफत प्लॅनवर तीन खाती जोडता येतात. पोस्ट लावायच्या सॉफ्टवेअरात मी एकच गोष्ट आधी बघते, फोनवरून एका बटणात सगळं थांबवता येतं का. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी लताबाई गेल्याची बातमी आली. साडेदहाला आमची ‘रविवारचा गोड नाश्ता’ ही खिदळणारी पोस्ट शेड्यूल केलेली होती. लॅपटॉप ऑफिसात, मी भाजी मंडईत. फोनच्या ॲपवर थांबवायची सोयच नव्हती. दहा मिनिटांत लोकांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता एक गोष्ट जी कुठलाही विक्रेता आपणहून सांगत नाही. ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं असं फार थोडं असतं. पाणी दुसऱ्याच्या विहिरीचं, यांची फक्त मोटर. विहीरवाल्याने झाकण लावलं की संपलं. फेसबुकने २०१६ मध्ये विकत घेतलेलं क्राउडटँगल, म्हणजे सोशल मीडियावर काय पसरतंय ते दाखवणारं टूल, पत्रकारांच्या आणि आमच्यासारख्यांच्या रोजच्या वापरातलं होतं. १४ ऑगस्ट २०२४ ला ते बंद केलं. ट्विटरने २०२३ मध्ये फुकटचा डेटा बंद केला आणि त्यावर उभी असलेली कितीतरी छोटी टूल्स एक तर आडवी झाली किंवा महागली. ट्विटर एका पडद्यावर रकान्यांत दाखवणाऱ्या ट्वीटडेकसाठी त्याच वर्षी पैसे पडू लागले, पोस्ट लावायच्या हूटसूटचा मोफत प्लॅनही तेव्हाच गेला. इन्स्टाग्राम तर अशा सॉफ्टवेअरला एका खात्यामागे सात दिवसांत तीसच हॅशटॅग शोधू देतं. खासगी खाती आणि बंद ग्रुप कुणालाच दिसत नाहीत. "सगळं सोशल मीडिया कव्हर होतं" असं कुणी म्हणालं की विचारा, कुठल्या विहिरीतून, किती, आणि उद्या झाकण लागलं तर पैसे परत मिळणार का. कंपन्याही एकमेकींना गिळत असतात. ब्रँडवॉच ही ऐकणारं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी २०२१ मध्ये सिजन या पीआर सॉफ्टवेअरवाल्या कंपनीकडे गेली, तसलीच टॉकवॉकर २०२४ मध्ये हूटसूटकडे. सही करताना असलेला अकाउंट मॅनेजर वर्षअखेरीला असेलच असं नाही.

आणि व्हॉट्सॲप. तिथल्या खासगी गप्पा कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाहीत, दिसणारही नाहीत. संदेश पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या टोकालाच उघडतात, मध्ये कुणाला वाचता येत नाहीत. आपल्याकडे अफवा मात्र तिथेच शिजते. गुळात भेसळ असल्याचा एक जुना व्हिडिओ आमच्या नावाने फिरायला लागला तेव्हा डॅशबोर्ड निवांत, हिरवागार. खबर आली जळगावच्या वितरकाकडून: "ताई, हे काय चाललंय?" तेव्हापासून मी वितरक आणि सेल्सच्या पोरांना एक नंबर देऊन ठेवला आहे, काही आलं की तिथे फॉरवर्ड करा. खर्च शून्य, आणि आजवर सगळ्यात लवकर तोच वाजतो.

पैशाचं पटकन सांगते. किंमत डॉलरमध्ये असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी मनात धरा. परदेशी कंपनी तो लावत नसेल तरी आपल्या कंपनीला रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, भरावा लागतो, तेव्हा आधी सीएला विचारा. कार्डावरून आपोआप वळती होणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असली की दरवेळी ओटीपी लागतो. आमचा ओटीपी साहेबांच्या फोनवर जायचा. साहेब भाचीच्या लग्नात, फोन कुणाच्या तरी पर्समध्ये, आणि इकडे खातं बंद. करारात आणखी दोनच ओळी शोधा: नूतनीकरण नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं, आणि सोडताना आपला जुना डेटा कुठल्या स्वरूपात मिळणार. साठ-नव्वद दिवसांची अट असते. ती चुकवून मी एकदा न वापरलेल्या सॉफ्टवेअरचं वर्षभराचं बिल मंजूर करून घ्यायला गेले होते. पुन्हा जायची इच्छा नाही.

ज्यांच्या हातात अजून क्लायंट नाही त्यांनी आजच गूगल अलर्ट लावावा, भाषा ‘कोणतीही’ ठेवून. गावातली दूध डेअरी, नगरपालिका, शाळा, काहीही विषय घ्या. सोशल मीडियावरचं त्यात जवळपास काही येत नाही, ते रोज वीस मिनिटं हाताने शोधा आणि एका शीटमध्ये भरा: तारीख, कुठे, काय म्हणाले, बरं की वाईट, उत्तर द्यायला हवं का. शेवटचा रकाना सगळ्यात अवघड. महिनाभराने तुमच्याकडे स्वतःची कीवर्डची यादी असेल आणि काय वगळायचं त्याचीही. मुलाखतीला ती शीट घेऊन जा. मी उमेदवार बघते तेव्हा आधी तेच मागते. टूलचं सर्टिफिकेट नंतर.

गेल्या महिन्यात पुन्हा एक डेमो झाला. तरुण मुलगा, लातूरचा, कंपनी नवी. मी चाळीस वाक्यं पुढे केली. त्याच्या यंत्राला सतरा जमली. एरवी इथे विक्रेते ‘आमची टेक टीम त्यावर काम करतेय’ म्हणतात. हा "नादच खुळा" लाल झालेलं बघून स्वतःच हसायला लागला, मग म्हणाला, "मॅडम, ही शीट मला मिळेल का? आमच्याकडे मराठीचं तपासायला कुणी नाही." मी दिली. किमतीवर अजून घासाघीस चाललीय.