ग्रीन टी, कॅप्सूल आणि यकृत: या चुका टाळा

ग्रीन टीतलं ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक होतं ते अँटीऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंना आवरणारं रसायन, म्हणजे ईजीसीजी. ते कॅटेचिन या गटात मोडतं. माफक प्रमाणात ते यकृताच्या पेशींना मदत करू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. पण तेवढ्यावरून 'मग जितकं जास्त तितकं चांगलं' असा हिशेब मांडला, की पुढच्या सगळ्या चुका ओघाने येतात.

कप आणि कॅप्सूल एकच समजणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चहाच्या एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी उतरतं आणि ते घोटाघोटाने, पाण्यासोबत पोटात जातं. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांत मात्र शेकडो मिलिग्रॅम एका दमात येऊ शकतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली याचा आढावा घेतला. नेहमीच्या पद्धतीने केलेला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित ठरला, पण पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली; ही यकृताच्या पेशींना इजा होत असल्याची खूण. अमेरिकेत हजाराहून अधिक स्त्रियांवर वर्षभर चाललेल्या मिनेसोटा चाचणीत अर्क घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्के जणींचं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम ठळकपणे वाढलं. ज्यांना अर्काऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं.

असं का होतं? यकृताच्या पेशीत ईजीसीजी फार साठलं की त्याची चाल उलटते. ते स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक रेणू तयार करू लागतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना इजा करतं. अँटीऑक्सिडंट हे रसायनाचं एका परिस्थितीतलं वागणं आहे, त्याचा कायमचा स्वभाव नव्हे. डब्यावरच्या जाहिरातीत हे अर्थातच नसतं.

गोळी उपाशीपोटी घेणे

रिकाम्या पोटी ईजीसीजी रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत उपाशीपोटी दिलेल्या डोसाने गंभीर विषबाधा झाली, तर खाऊ घालून दिलेला डोस त्यांना बराच सोसला. वजन उतरवण्यासाठी उपास करणारे नेमके सकाळी अनशापोटीच गोळी घेतात. इथे एक गोंधळ हमखास होतो. जेवणासोबत ग्रीन टी घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा असं सांगतात. तो सल्ला चहापुरता आहे. तो गोळीला लावू नका.

मात्रा एकाच डब्यावर मोजणे

'फॅट बर्नर', 'मेटाबॉलिझम बूस्टर', 'डिटॉक्स' अशा मिश्रणांतही हाच अर्क असतो. दोन-तीन उत्पादनं एकदम चालू असली की बेरीज कधी वर गेली ते कळत नाही. लेबलवर अर्काचं वजन आणि त्यातल्या ईजीसीजीचं वजन हे दोन निराळे आकडे असतात. आपल्याला दुसरा हवा. तो छापलाच नसेल तर ते उत्पादन न घेतलेलं बरं.

'दुसऱ्याला काही झालं नाही' यावर भिस्त ठेवणे

अर्काने यकृत बिघडलेल्या बऱ्याच रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार सापडला आहे. म्हणजे तीच गोळी एकाला पचते आणि दुसऱ्याला कावीळ होते. हा प्रकार असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही, त्यामुळे आधी अंदाज बांधता येत नाही.

लक्षणं अंगावर काढणे

गोळी सुरू केल्यावर त्रास लगेच दिसेलच असं नाही. अनेकदा एक ते सहा महिन्यांनी थकवा, मळमळ, भूक मंदावणे, अंगाला खाज, गडद लघवी आणि पिवळे डोळे दिसू लागतात. तेव्हा 'शरीरातली घाण बाहेर पडतेय' असा अर्थ लावणं ही शुद्ध आत्मवंचना. गोळी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवून बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) व एन्झाइम्सची रक्ततपासणी करा. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतं. मोजक्या रुग्णांवर मात्र यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली आहे. बरं वाटल्यावर तीच गोळी पुन्हा चालू करू नका, कारण दुसऱ्या खेपेला इजा लवकर परतते.

ज्यांना आधीच यकृताचा आजार आहे, जे नियमित औषधं घेतात, किंवा ज्या गरोदर वा स्तनदा आहेत, त्यांनी अर्काच्या वाटेला जाऊच नये. चहाही औषधांच्या आड येऊ शकतो: नॅडोलॉल हे रक्तदाबाचं औषध ग्रीन टीसोबत घेतलं तर रक्तात फारच कमी पोहोचतं.

आणि फॅटी लिव्हरसाठी ग्रीन टीवर विसंबून वजनाकडे काणाडोळा करू नका. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृतातली चरबी आणि सूज कमी होते, याला भक्कम पुरावा आहे. चहा आवडत असेल तर बिनसाखरेचा दोन-तीन कप खुशाल प्या. डॉक्टरांकडे जाताना मात्र पूरक गोळ्यांचा डबा सोबत न्या. 'कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला उत्तर देताना लोक नेमका तोच वगळतात.