लिनक्स टाकताय? या चुका टाळा, आणि मला रात्री अकराला फोन करू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात प्रत्येकाला लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टीमचा, पुळका आलाय. कारण साधंय, विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि घरोघरी जे लॅपटॉप आहेत ते २०१४-१५ चे आय थ्री. चालतायत अजून मस्त, पण कागदोपत्री मोडीत निघालेले. मग कोणीतरी 'दहा मिनिटांत लिनक्स' असं रील बघतं, ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह शोधतं आणि अकराव्या मिनिटाला मला फोन.

मी स्वतः पंधरा वर्षं घरी लिनक्सच वापरतोय, सध्या मिंट आहे (लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी एक), त्यामुळे लिनक्सची बदनामी करायला बसलेलो नाही. बँक, लाइट बिल, सातबारा, यूट्यूब, मेल, पोरांच्या शाळेचे फॉर्म, हे सगळं ब्राउझरमध्येच होतं आणि ब्राउझर तिथेही तोच आहे. एवढंच काम असेल तर बिनधास्त टाका. पण टॅली, कोरल ड्रॉ, डिजिटल सहीचा डोंगल यातलं काही रोज लागत असेल तर थांबा. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) चालतं म्हणे, असं सांगणारे पुष्कळ भेटतील, मार्चएंडला तुमच्या ऑफिसात येऊन ते चालवून देणारा एकही भेटणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की आधी आठवडाभर एका कागदावर लिहा, आपण कॉम्प्युटरवर नक्की काय काय उघडतो. कोणी लिहीत नाही. सगळ्यांना थेट इन्स्टॉलच करायचं असतं.

'इरेज डिस्क' म्हणजे इरेज डिस्कच

माझा मावसभाऊ कराडला असतो. हुशार आहे, ट्रॅक्टरचं इंजिन खोलून परत बसवतो, पण स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायचा त्याला कंटाळा. इन्स्टॉल करताना त्याने 'इरेज डिस्क' निवडलं कारण बाकीचे पर्याय किचकट दिसत होते. त्याचं लॉजिक असं की विंडोज सी मध्ये, आपले फोटो डी मध्ये, म्हणजे सी उडेल आणि डी राहील. "दादा, मी डी ला हातच लावला नाही," हे वाक्य त्याने फोनवर चारदा म्हटलं. अरे बाबा, सी आणि डी ही एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं, आणि तू वाडाच पाडलास!

त्याहून वाईट म्हणजे घाबरून त्याने त्याच नव्या सिस्टीमवर चार वेगवेगळी रिकव्हरीची सॉफ्टवेअरं डाउनलोड केली, मध्ये अपडेटही मारलं, म्हणजे जिथे फोटो पडलेले होते त्याच जागेवर नवीन माल ओतला. डिलिट झालेली फाइल लगेच कुठे जात नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग ती गेली. म्हणून डेटा उडाला की पहिलं काम मशीन बंद करायचं, बाकी सगळं नंतर. (हे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं झालं. एसएसडीत ट्रिम नावाचा प्रकार असतो, रिकामी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकते, तिथे बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही.)

शनिवारी गेलो, डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला यूएसबी केबलने लावली आणि फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. फोटोरेक फुकट आहे, चांगलं आहे, पण ते फाइलची नावं आणि फोल्डर परत देत नाही, डिस्कवर फोटोसारखं जे जे दिसेल ते उचलत जातं. सकाळी बघतो तर हजारो फायली, नाव म्हणजे एक एफ आणि पुढे नुसते आकडे, त्यात लग्नाचे फोटो, ब्राउझरमधले बारके बारके आयकॉन, व्हॉट्सॲपवरचे शुभ सकाळवाले गुलाब, सगळी मिसळ. त्याची बायको पुढचे चार रविवार तांदूळ निवडल्यासारखे फोटो निवडत बसली होती. व्हिडिओ मात्र तुकड्या तुकड्यात होता, पाचवं मंगलाष्टक चालू होतं आणि तिथेच चित्र गोठतं.

यावर माझा उपाय महागडा आहे पण मी तोच करतो. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढायची, कागदात गुंडाळून वर तारीख लिहायची आणि कपाटात ठेवून द्यायची. आत २४० जीबीची नवी एसएसडी बसवायची आणि लिनक्स तिच्यावर. दहा वर्षांचं मशीन पळायला लागतं आणि लोक म्हणतात वा लिनक्स किती फास्ट आहे, तर त्यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं असतं, मी सांगत बसत नाही.

ड्युअल बूटच, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, करायचं असेल तर आधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल आणि तुम्ही बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट नावाच्या सुरक्षेच्या सेटिंगशी खेळलात तर पुढच्या वेळी विंडोज उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती कुठे आहे हे तेव्हा शोधायचं नसतं, आधी शोधून ठेवायचं असतं. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून बूट होत नाही. बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायला रूफस वापरा किंवा व्हेंटॉय. दर महिन्याला एकजण तरी विचारतोच.

काली टाकू नका. हे कॉलेजच्या पोरांसाठी. हॅकिंग शिकायचंय म्हणून काली लिनक्स टाकायचं आणि मग ब्लूटूथ चालत नाही म्हणून रडायचं. ते सिक्युरिटी टेस्टिंग करणाऱ्या लोकांचं हत्यार आहे, नवख्यांनी यात पडू नये असं ते बनवणारेच सांगतात, पण ड्रॅगनचं वॉलपेपर बघितलं की वाचतो कोण. मिंट घ्या, उबुंटूची एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) घ्या, दोन वर्षं तेच वापरा. दर रविवारी नवीन डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) टाकणाऱ्याला लिनक्स येत नाही, इन्स्टॉल करता येतं फक्त.

मराठीचं काय, हे कोणी विचारतच नाही

ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर. आमच्या सोसायटीत एक काकू आहेत, निवृत्त शिक्षिका, ज्येष्ठ नागरिक मंडळाची सगळी पत्रकं, अहवाल, वर्गणीच्या याद्या त्या टाइप करतात. लॅपटॉप फारच हळू झाला म्हणून मी उत्साहाच्या भरात एका दुपारी मिंट टाकून दिलं, फायली सगळ्या कॉपी करून ठेवल्या, ब्राउझर दाखवला, चहा पिऊन घरी. संध्याकाळी काकू दारात. "अरे, माझं मराठी कुठे गेलं?" बघतो तर वीस वर्षांची पत्रकं उघडतायत पण प्रत्येक ओळीत नुसतं टोप्या घातलेलं इंग्रजी आणि चित्रविचित्र चिन्हं.

झालं असं होतं की काकूंचं सगळं काम युनिकोडच्या (मराठी सगळीकडे मराठीच दिसतं ती पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये होतं. श्रीलिपी किंवा आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं खरं तर इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसलेली असतात, फाइलमध्ये इंग्रजी चिन्हंच सेव्ह होतात आणि फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. फॉन्ट नाही तर कपडे नाहीत. तो फॉन्ट कॉपी करून लिनक्समध्ये टाकला की जुनं बहुतेक वाचता येतं, मी तेच केलं, पण नवीन टाइप करायचं तर तो प्रोग्राम विंडोजचा. आणि काकूंची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेली, त्यांना मी इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिका म्हणणं म्हणजे सत्तराव्या वर्षी डाव्या हाताने पोळ्या लाटा म्हणण्यासारखं.

तिसऱ्या दिवशी मी गुपचूप विंडोज परत टाकून दिलं, वर एसएसडी घालून. काकूंना वाटलं लिनक्स दुरुस्त झालं.

आता माझी पद्धत ठरलीय. कोणाच्याही मशीनला हात लावायच्या आधी त्यांची एक जुनी मराठी फाइल उघडायची, आतला मजकूर कॉपी करायचा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचा. मराठीच दिसलं तर युनिकोड आहे, पुढे जा. कचरा दिसला तर आधी विंडोजमध्ये असतानाच सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं, जुन्याच्या पीडीएफ काढून ठेवायच्या, आणि कन्व्हर्टरवर पूर्ण भरवसा नाही ठेवायचा, रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालायची. युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्याला मात्र लिनक्समध्ये काहीच अडचण नाही, मराठी इनस्क्रिप्ट सेटिंगमध्ये जाऊन दोन क्लिकमध्ये मिळतो, आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलं की उच्चाराप्रमाणे टाइप करायचे पर्यायही आहेत.

याच्याच जोडीला लिब्रेऑफिस, वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायचं. चांगलंय, मी सगळं त्यातच करतो. पण विंडोजमधला मंगल किंवा कोकिळा फॉन्ट तिथे नसतो, जागेवर दुसरा फॉन्ट येतो आणि दोन पानांचा अर्ज सव्वादोन पानांचा होतो. दुसऱ्याला फक्त वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफ पाठवा आणि विषय संपवा.

प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, कारण त्यांना त्यांच्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना एचपीलिप हे ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर चालतं. इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह (डिस्कवर न टाकता) लिनक्स चालवून एक पान छापून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण बंद करून झोपवणं आणि उठवणं, हेही तेव्हाच बघा. तेवढा अर्धा तास नाही म्हणणाऱ्यांनाच नंतर अख्खा रविवार लागतो.

वायफाय दिसत नसेल तर फोन यूएसबीने लावून टेदरिंग करा, नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. यासाठी वायफायचा नवीन डोंगल विकत घेऊ नका, निदान लगेच तरी.

विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं? व्हायरस नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतातली वेळ समजतं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने लोकल वेळ वापरायला सांगितलं की मिटलं.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. कुठूनतरी सापडलेली कमांड पुढे सुडो (सिस्टीम बदलायचे पूर्ण अधिकार देणारा शब्द) लावून चिकटवायची आणि एंटर मारायचा, ही सवय सगळ्यात महाग पडते. २०२१ मध्ये लिनस सेबास्टियन, म्हणजे लिनक्सवाला लिनस नव्हे तर यूट्यूबवाला, पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला गेला. पॅकेजमध्ये गडबड होती, सिस्टीमने स्वच्छ सांगितलं की याने महत्त्वाच्या गोष्टी निघून जातील, खात्री असेल तर 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप कर. पठ्ठ्याने टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉप गेला. चूक पॅकेजची होती हे खरं, पण इतकं लांबलचक वाक्य मशीन तुमच्याकडून लिहून घेतंय म्हणजे काहीतरी असेल ना? मी स्वतः पहिल्या दिवशीच टाइमशिफ्ट चालू करतो, आठवड्याला सिस्टीमचा एक स्नॅपशॉट (त्या वेळची नक्कल), काही बिघडलं की मागच्या आठवड्यात परत. मात्र ते सिस्टीमचं असतं, तुमच्या फोटोंचं नाही, कराडच्या प्रकरणानंतर हे मी दोनदा सांगतो.

चार जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. आणि क्रोममध्ये बावीस टॅब उघडून 'लिनक्स पण हँग होतं' म्हणू नका.

एवढं करूनही अडलंच तर विचारा, मी काही चावत नाही. फक्त 'काहीतरी एरर आलाय' असं नको, स्क्रीनचा फोटो पाठवा, पूर्ण स्क्रीनचा, सरळ धरून, ट्यूबलाइट बंद करून. आणि त्या आधी तुम्ही काय काय करून पाहिलंत तेही खरं खरं सांगा, कारण "मी काहीच केलं नाही" म्हणणाऱ्याच्या मशीनवर मला दर वेळी चार रिकव्हरी सॉफ्टवेअरं सापडतात.