न्यूयॉर्कमध्ये आर्चबिशप ह्यूज यांच्या खुणा कशा पाहाव्यात

वसईचे पाहुणे आले की मी त्यांना आधी मॉट स्ट्रीटवरच्या जुन्या सेंट पॅट्रिक चर्चमध्ये नेतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. आवाराच्या विटांच्या उंच भिंतीपाशी जरा थांबा. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात बाहेरून आलेल्यांच्या विरोधातल्या जमावाने कॅथलिक चर्च जाळली, तेव्हा इथले बिशप (पुढे आर्चबिशप झालेले) जॉन ह्यूज यांनी न्यूयॉर्कच्या चर्चभोवती सशस्त्र माणसं पहाऱ्याला उभी केली. ह्यूज स्वतः आयर्लंडहून आलेले, सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, माळीकाम करून शिकलेले. परमुलखात आलेल्यांच्या मनातली भीती त्यांना आतून कळायची, असं मला मनापासून वाटतं. मग स्प्रिंग स्ट्रीटवरून सहा नंबरची भुयारी रेल्वे पकडून ५१ व्या स्ट्रीटला उतरा. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या नव्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलची कोनशिला त्यांनीच १८५८ मध्ये बसवली. आत शांतपणे बसा, घाई करू नका.