पुढच्या दातांतली फट कशी बुजली : माझा अनुभव

माझ्या वरच्या दोन पुढच्या दातांत ज्वारीचा दाणा अडकेल एवढी फट होती. आजी म्हणायची, "फटीचे दात नशीबवानाचे असतात, बाई." पण फोटोत मी कधी तोंड उघडून हसले नाही. छत्रपती संभाजीनगरला दातांच्या डॉक्टरांनी ओठ वर ओढला, तशी दातांमधली हिरडी पांढरी पडली. ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी जाड होती, थेट दातांच्या मधे उतरलेली. कारण तेच. १८ महिने तारा, दर महिन्याला परभणीहून एसटी. फट मिटल्यावर पट्टी कापली. भूल देऊन, थोड्या वेळात. आता दातांमागे बारीक तार चिकटवलेली आहे, नाहीतर फट पुन्हा उघडते. फट बुजवायला घरी दातांना रबर मात्र अजिबात लावू नका! ते हिरडीत सरकतं, चांगला दात हलायला लागतो.