जुन्या गोलरक्षकाची कारकीर्द कशी मांडावी: जुलिआनो सार्ती यांचे उदाहरण

विसाव्या शतकाच्या मध्यातील इटालियन फुटबॉल गोलरक्षकाची कारकीर्द लिहायला घेताना पहिला मोह होतो तो त्याची विजेतेपदे मोजण्याचा. तो आवरून आधी हंगामवार नोंदी कराव्यात. इटलीतील हंगाम दोन वर्षांत विभागलेला असल्यामुळे वर्ष ‘१९५५-५६’ असेच लिहावे आणि साखळी सामने, चषकस्पर्धा व राष्ट्रीय संघ यांचे रकाने वेगळे ठेवावेत, कारण आकड्यांची सरमिसळ तिथेच होते.

जुलिआनो सार्ती हे फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिना या संघाचे गोलरक्षक असताना त्या संघाने १९५५-५६ मध्ये पहिल्यांदा सेरी आ, म्हणजे इटलीची सर्वोच्च साखळी स्पर्धा, जिंकली. त्या हंगामात ३४ सामन्यांत संघावर केवळ २० गोल झाले आणि एकमेव पराभव अखेरच्या सामन्यात पदरी पडला. असा आकडा लिहिताना मान्यिनी व चेर्व्हातो या बचावपटूंची नावे शेजारीच द्यावीत. गोलरक्षकाचा आकडा कधीच त्याच्या एकट्याचा नसतो.

संघाच्या नावावरचा प्रत्येक चषक मात्र खेळाडूच्या नावावर टाकू नये. १९६१ मध्ये फिओरेंतिनाने स्कॉटलंडच्या रेंजर्सला हरवून युरोपीय चषकविजेत्यांचा चषक मिळवला, तेव्हा गोलमध्ये आल्बेर्तोसी उभे होते. याउलट १९६४ आणि १९६५ च्या युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगच्या) अंतिम सामन्यांत मिलानच्या इंटर या संघाचे गोलरक्षक सार्तीच होते; तोवर ते तिथे गेले होते. म्हणून प्रत्येक अंतिम सामन्याची अकरा नावे स्वतः वाचावीत.

जुनी चित्रफीत पाहताना तेव्हाचे नियमही ध्यानात घ्यावेत. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला १९९२ पर्यंत मुभा होती, त्यामुळे त्या काळच्या गोलरक्षकाच्या पायांच्या कौशल्याला आजचा मापदंड लावणे अन्यायाचे ठरते.

सर्वांत जपून लिहायची ती चूक. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इंटर स्कॉटलंडच्या सेल्टिककडून १-२ असे हरले, पण सेल्टिकच्या हल्ल्यांचा अखंड मारा सुरू असताना सार्ती यांनी एकामागून एक चेंडू अडवले होते, म्हणूनच पराभव एका गोलावर राहिला. आठवड्याभरात, १ जूनला, सेरी आच्या अखेरच्या फेरीत मांतोव्हा येथे त्याच नावाच्या संघाच्या दी जाकोमो यांनी मारलेला, एरवी सहज अडवता आला असता असा चेंडू सार्ती यांच्या हातून निसटून गोलमध्ये गेला. इंटर ०-१ हरले आणि एका गुणाने मागे असलेल्या जुव्हेन्तुसने त्याच दिवशी लाझिओला हरवून विजेतेपद पटकावले. लोकांच्या स्मरणात हाच गोल राहिला, आणि मला हे फार खुपते. चूक लपवू नये, पण ती लिस्बनच्या नोंदीलगत, तारखांसह लिहावी. मांतोव्हाच्या सामन्यात इंटरला एकही गोल करता आला नाही हेही तिथेच नोंदवावे, आणि मांतोव्हाच्या गोलमध्ये त्या दिवशी कोण उभे होते तेही लिहावे: पुढे इटलीचे विश्वविजेते कर्णधार झालेले, तेव्हा पंचवीस वर्षांचे दिनो झॉफ.